फ्रिजऐवजी ग्राफिक्स कार्ड

पप्पा,

तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांच्या तोंडी एकच शब्द होता, निर्व्यसनी. शेजारचे काका म्हणाले, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. सातपूरच्या कारखान्यातले तुमचे जुने सोबती आले, ते म्हणाले, पार्टीत सगळे प्यायचे आणि हा आपला सोड्याची बाटली घेऊन कोपऱ्यात. आई पदर डोळ्याला लावून मान हलवत होती. मी स्वयंपाकघरात चहाचं पातेलं धरून उभी होते आणि ते बाहेर नेऊन सतरंजीवर आपटावं असं मला वाटत होतं. आपटलं नाही. कप भरले, ट्रे नेला, सगळ्यांना चहा दिला. तुमच्या घरात वाढलेल्या मुलीला दुसरं येणार काय! पण तेव्हापासून हे तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. तुम्ही जिवंत असताना तुमच्याशी भांडायची सोय नव्हती. तुम्ही ओरडत नव्हता, हात उगारत नव्हता. नुसते मान वळवून स्क्रीनकडे बघायचात. पाठमोऱ्या माणसाशी कसं भांडायचं, ते मला कधी जमलं नाही.

कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती आणली आणि तुम्ही ती घेतली, तेव्हा मी शाळेत होते. टूलरूममधला माणूस, मायक्रोमीटरने केसाची जाडी मोजणारा, त्याला दुसरीकडे कुठेही काम मिळेल, असं आई सगळ्यांना सांगायची. अंबडला दोन ठिकाणी तुम्ही जाऊनही आलात. तिथल्या साहेबाचं वय तुमच्यापेक्षा निम्मं होतं म्हणून परत गेला नाहीत. मग एक दिवस टेम्पो आला, त्यातून खोकी उतरली, आणि टीव्ही आतल्या खोलीत पेटीवर जाऊन बसला. बाहेरच्या खोलीत त्याच्या जागी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. गल्लीतला पहिला. आईने त्याला हळदकुंकू लावलं, वर मोगऱ्याचा गजरा ठेवला. तुम्ही म्हणालात, "पोरीच्या शिक्षणासाठी घेतलाय." मी तेव्हा इतकी खूश झाले होते की रात्रभर मनातल्या मनात की-बोर्डवर बोटं फिरवत होते.

पोरीच्या शिक्षणाचं पुढे काय झालं ते तुम्हाला आठवत नसेल, मी आठवण करून देते. तुम्ही जेवायला उठलात की तेवढा वेळ ती खुर्ची माझी. तुमचा हात धुवून झाला की मी उठायचं. दुपारी आई ओट्यावर बसून गजरे करायची, हातात सुई-दोरा आणि पायाशी ओलं गोणपाट, आणि तुम्ही आत स्क्रीनवर गाड्या पळवायचात. गाड्यांचा कंटाळा आला की तो दुसरा खेळ, ज्यात एक गाव वसवायचं. लाकूडतोड्यांना झाडं तोडायला पाठवायचं, शेतं नांगरायची, धान्य कोठारात भरायचं, थोडे दिवस गेले की शेजारच्या गावावर सैन्य धाडायचं. तुमच्या गावात कुणी रिकामं बसलेलं तुम्हाला चालायचं नाही. एखादा माणूस नुसता उभा दिसला की तुम्ही पुटपुटायचात, "हा बघ, हरामखोर, काम नको याला." आई बाहेरून हे ऐकायची. एकदा तिने माझ्याकडे बघितलं आणि दोरा दातांनी तोडला.

लोक म्हणतात, नोकरी गेली होती, खचला असेल बिचारा. मीही हे वाक्य स्वतःला पुष्कळ वर्षं सांगून बघितलं. पण खचलेला माणूस मी बघितलाय. तुमच्याच खात्यातले ते काका, आपल्या मागच्या गल्लीत राहायचे. दाढी वाढलेली, बनियनवर, दिवसभर रस्त्याकडे बघत बसायचे. त्यांची बायको त्यांना हाताला धरून आंघोळीला उठवायची. तुम्ही तसे नव्हता. तुम्ही रोज दाढी करून, पावडर लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या पाळीचा भोंगा व्हायचा त्या सुमाराला त्या खुर्चीत बसायचात. खचलेल्या माणसाला रॅम वाढवायचं सुचत नाही.

आणि तिथे तुम्हाला मी लागायचे. खेळ अडकत अडकत चालायचे, गाडी वळणावर आली की चित्र थबकायचं आणि सुटेपर्यंत तुमची गाडी झाडावर. काय बदललं की हे थांबेल, ते इंग्रजी मासिकांत असायचं. तुम्ही रविवार कारंजाजवळच्या रद्दीवाल्याकडून जुने अंक आणायचात आणि मला हाक मारायचात. मी शेजारी स्टुलावर. एका मांडीवर मासिक, दुसऱ्या मांडीवर डिक्शनरी. "काय म्हणतोय तो? आधी रॅम घ्यायची का ग्राफिक्स कार्ड? प्रोसेसर आहे तोच चालेल का?" मी वाचायचे, अडायचे, शब्द शोधायचे, मग मराठीत सांगायचे. थोड्या पैशांत कशाने जास्त फरक पडतो, कशाला हात लावू नये, कुठली वस्तू थोडे महिने थांबलं की स्वस्त होते, हे सगळं मला नववीत पाठ होतं. रॅम मी सांगितली म्हणून तुम्ही घेतलीत आणि खरोखर गाडी अडकायची थांबली. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत, "डोकं आहे हं पोरीला." शाळेतल्या मार्कांवर तुम्ही कधी असं बोलला नव्हता. दुपारी दोन वेण्यांत मी त्या स्टुलावर बसलेय आणि तुम्ही मला विचारताय, हे चित्र मला आजही स्वच्छ दिसतं. ते दिसलं की मला तुमचा जास्तच राग येतो. त्याच्या पुढचं मला माहीत आहे ना.

दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्याचं मी बोलतेय. मोगऱ्याचा हंगाम, त्यात लग्नाच्या तिथी. मखमलाबादच्या मळ्यातून मामा पहाटे कळ्यांची पाटी सायकलवर बांधून आणून टाकायचे. कळी मिटलेली असते तोवर तिची किंमत. ऊन चढलं की ती उमलते, आणि उमललेला मोगरा संध्याकाळच्या लग्नाला कुणी घेत नाही. आई गोणपाट भिजवायची, त्यावर फडका, त्यावर परत पाणी, मडक्याखाली ठेवून बघायची. तरी दुपारपर्यंत अर्धी पाटी तोंड उघडून बसलेली असायची. आईला फ्रिज हवा होता. नवा नाही, जुनाच. मामांनीच द्वारका चौकाजवळ जुन्या सामानाच्या दुकानात एक बघून ठेवला होता, निळसर रंगाचा, दाराला गंज, पण आत हात घातला की बर्फासारखं गार. आई आणि मी जाऊन बघून आलो. आईने त्याचं दार चार वेळा उघडून लावलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, फ्रिजच आहे, घर नाही घ्यायचं तुम्हाला." आई हसली. तिला असं मोकळं हसताना मी क्वचितच बघितलंय. पैसे तिचे होते. लग्नसराईत वेण्या-गजऱ्यांतून, चिल्लर जोडत जोडत जमवलेले. फक्त टेम्पो ठरवून तो आणायला पुरुषमाणूस हवा, असं तिचं म्हणणं पडलं. म्हणून तिने ते पैसे तुमच्या हातात दिले.

तुम्ही दुपारी परत आलात. टेम्पो नव्हता. तुमच्या स्कूटरच्या डिकीतून एक खोकं निघालं, त्यावर तलवार घेतलेल्या राक्षसाचं चित्र. आई ओट्यावरून उठून रस्त्यापर्यंत गेली होती, टेम्पो मागून येतोय का बघायला. ती परत येईपर्यंत तुम्ही खोकं फोडलं होतं.

"फ्रिज कुठंय?" आईने विचारलं.

"अगं, त्या फ्रिजचा काँप्रेसर गेलेला असतो, या जुन्यावाल्यांचा काय भरवसा. दिवाळीत नवाच घेऊ." तुमची नजर खोक्यात होती. "आणि कार्ड आत्ताच स्वस्त झालंय. परत हा भाव मिळायचा नाही. तुझ्या मुलीनेच सांगितलं, आता घ्यायचं तर कार्डच घ्यायला पाहिजे. हो की नाही गं? तूच म्हणालीस ना?"

आईने तुमच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

पप्पा, मी म्हणाले होते. आठवड्यापूर्वी, मासिकात तसं लिहिलेलं होतं म्हणून. रॅम वाढवून झाली असेल तर पुढचा खर्च कार्डावर करावा, असं त्या माणसाने लिहिलं होतं आणि मी ते मराठीत वाचून दाखवलं होतं. आईच्या फ्रिजच्या पैशातून घ्या, असं त्या मासिकात लिहिलेलं नव्हतं आणि मीही म्हटलेलं नव्हतं. पण तेव्हा मी खाली पडलेला थर्माकोल गोळा करायला लागले. आई आत गेली, गोणपाट परत भिजवलं, आणि मोगऱ्यावर पांघरून त्याच्याजवळ खाली बसली. त्या दिवशीची निम्मी पाटी संध्याकाळी तिने गल्लीतल्या बायकांना ओंजळ ओंजळ वाटून टाकली.

तुम्ही कॅबिनेट उघडलंत, कार्ड हातात घेतलंत, आणि ते कुठे बसवायचं ते शोधायला लागलात. ते बसायला जागाच नव्हती. आपला मदरबोर्ड स्वस्तातला, त्यावर त्या जातीच्या कार्डाची खाचच नव्हती. "कार्ड घेण्याआधी बोर्डावर खाच आहे का ते उघडून बघा" हे मासिकातलं त्याच्या लगेच पुढचं वाक्य. तेही मी वाचलं होतं. तुम्ही तोवर सीडी लावायला उठला होता. जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासण्याचा पगार घेतलात आणि स्वतःच्या घरातल्या पेटीचं झाकण काढून बघितलं नाहीत. मला त्या दिवशी हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्कूटरवर बसवून कॅनडा कॉर्नरच्या दुकानात नेलंत, जिथून कार्ड आणलं होतं. दुकानदाराशी इंग्रजीत काही बोलायची वेळ आली तर मी हवी म्हणून. तिथे मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं. म्हणजे तिथला माणूस बघितला. आत शिरलात आणि कॉलेजची पोरं स्टुलावरून उठली, "या काका, बसा." तुम्ही हसलात. कुणाला विचारलंत, "झाली का रे ती तिसरी पातळी? डावीकडून जायचं, सांगितलं होतं ना." एकाच्या मशीनचा पंखा आवाज करत होता, तर तुम्ही खिशातून रुमाल काढून तो पुसून दिलात, त्याला समजावत, हळू हळू, न चिडता. मी मागे उभी राहून बघत होते. घरात मी एखादं बटण चुकीचं दाबलं तर तुम्ही माझा हात झटकून टाकायचात. दुकानदाराने मला बघून विचारलं, "ही मुलगी का? काका, आज सुट्टी काढली वाटतं कंपनीतून?" आणि तुम्ही, पप्पा, सहज म्हणालात, "हो ना. सुपरवायझर झालं की सुट्टी म्हणजे नावालाच. आणि घरी मिसेसला फुलांचा व्यवसाय टाकून दिलाय, तेही बघावं लागतं."

टाकून दिलाय. पहाटे आईची बोटं मोगऱ्याच्या देठांनी काळी झालेली असायची, तेव्हा तुम्ही अंथरुणात असायचात.

दुकानदाराने कार्ड उलटसुलट बघितलं. म्हणाला, "काका, दोन रस्ते आहेत. बोर्ड बदला, म्हणजे त्याबरोबर प्रोसेसरही आला. नाहीतर हे परत द्या आणि साध्या खाचेत बसणारं हलकं कार्ड घ्या. तुमच्या खेळांना पुरेल."

"हलकं द्या," मी म्हणाले. "उरलेले पैसे परत द्या."

"ती बरोबर बोलतेय काका," दुकानदार म्हणाला.

"हलकंबिलकं नको," तुम्ही म्हणालात. "बोर्ड दाखव. एकदाच काय ते चांगलं करून टाकू. पैशाचं काय एवढं."

तेव्हा मी बोलले. मोठ्याने बोलले, कारण हळू बोललं असतं तर तुम्ही ऐकलंच नसतं. "पप्पांना नोकरी नाहीये. ते घरीच असतात. हे पैसे माझ्या आईचे आहेत, फ्रिजसाठी ठेवलेले."

दुकानातली पोरं आपापल्या स्क्रीनकडे बघायला लागली. कुणाच्या तरी मशीनवर गोळ्यांचा आवाज चालू होता, तो कुणीतरी बंद केला. दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "काका, आज राहू द्या. परत या निवांत." त्याने कार्ड खोक्यात घातलं, गल्ला उघडला, पैसे तुमच्या पुढ्यात ठेवले. तुम्ही ते उचलून शर्टाच्या खिशात घातलेत, वरचं बटण लावलंत, आणि बाहेर पडलात. याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. खोटं तुम्ही बोलत होता, मी नाही.

रामवाडीच्या पुलावर तुम्ही स्कूटर बाजूला घेतलीत. "उतर."

मी उतरले.

"चारचौघांत बापाची इज्जत काढलीस."

"आईने कुणाला सांगितलं नाही म्हणून इज्जत आहे तरी," मी म्हणाले.

तुम्ही मागे न बघता स्कूटर काढलीत. पुलाखाली बायका धुणी आपटत होत्या, वर टळटळीत ऊन. मी मखमलाबाद रोडने घरापर्यंत चालत आले आणि वाटभर, खरं सांगते, मी आनंदात होते. पायाला चटके बसत होते, पण पैसे परत मिळाले होते. आता लाजेखातर का होईना, तुम्ही द्वारकेला जाल आणि संध्याकाळी टेम्पो येईल. तुम्ही घरी नव्हता, म्हणजे तिकडेच गेला असणार. मी आईला म्हणाले, "आई, फ्रिजला जागा कर." आईने काही न विचारता कोपऱ्यातली धान्याची कोठी सरकवली. मीही हात लावला.

तुम्ही दिवेलागणीला आलात. दुसऱ्या कुठल्या दुकानात गेला होता ते मला कधी कळलं नाही. तिथे तुम्हाला ओळखणारं आणि माझ्यासारखं बोलणारं कुणी नव्हतं, एवढं नक्की. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, आणि त्याच राक्षसाचं खोकं. जुना बोर्ड तुम्ही मोडीत देऊन टाकणार होता. फ्रिजच्या पैशांवर आणखी किती घातलेत ते तुम्हालाच माहीत. आत येऊन तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते मला, "स्क्रू कुठे ठेवलेस?" जणू मधे काही झालंच नव्हतं. मी स्क्रूची डबी आणून दिली. का दिली, विचारू नका. त्या घरात मागितलेली वस्तू द्यायची असते, एवढंच शिकवलेलं होतं.

जोडाजोडी झाली, मशीन चालू झालं, गाडी सुटली. आणि रस्त्यावर झाडांच्या सावल्या पडल्या. आधी त्या नव्हत्या. आधी नुसती हिरवी झाडं आणि करडा रस्ता. आता गाडी सावलीतून गेली की तिच्या टपावरून सावली सरकत जायची, पुढे ऊन लागलं की टप चमकायचा. तुम्ही ओरडलात, "अगं ए, ये लवकर! सावली बघ! सावल्या पडतायत!" इतका आनंद मी तुमच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. आई आली. ओले हात, ओठांत धरलेला दोरा. ती तुमच्या खुर्चीमागे उभी राहिली, गाडीकडे बघितलं, तोंडातला दोरा काढला आणि म्हणाली, "छान आहे." मग परत ओट्यावर गेली. कोठी त्या रात्री तिने एकटीनेच जागेवर सरकवली.

ते "छान आहे" मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही. आईने शिव्या दिल्या असत्या, मशीन उचलून गटारात टाकलं असतं, तर मी मोठेपणी ही गोष्ट हसत हसत सांगितली असती.

पुढचं थोडक्यात. ज्येष्ठात मामांनी स्वतः जाऊन फ्रिज आणला, तो निळसर विकला गेला होता, दुसरा मिळाला. आईचं काम वाढलं. गजऱ्यांवरून हार, हारांवरून लग्नाच्या गाड्या, मग स्टेजची सजावट. तुम्ही स्टेजवर कधी एक खिळा मारला नाहीत, पण पाहुण्यांत "आमचा व्यवसाय" म्हणायचात. माझ्याशी तुम्ही नंतर फक्त मशीनबद्दल बोललात. मी मासिक वाचायचं बंद केलं तसं तेही संपलं. मी डिप्लोमा केला, पुण्याला नोकरी धरली, लग्न केलं. तुमच्या छातीत दुखल्याचा फोन आला तेव्हा मी निघाले, पण नारायणगावपर्यंतच पोचले होते, तोवर तुम्ही गेलात. नंतर आईने सांगितलं, छातीत दुखतंय म्हणाले तरी दाढी करून खुर्चीत बसले होते, पाणी मागितलं, आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत मान पुढे पडलेली. तेव्हाही मशीन चालू होतं म्हणे. बंद कसं करायचं आईला माहीत नव्हतं, तिने भिंतीवरचं बटण दाबलं.

दहाव्याला कॅनडा कॉर्नरच्या त्या दुकानातला एक मुलगा आला होता. आता टक्कल पडलेला, स्वतःचं दुकान असलेला. मला ओळखून थोडा चाचरला. म्हणाला, "काकांनी आम्हाला फार शिकवलं ताई. कमी पैशात चांगलं मशीन कसं जुळवायचं, ते काकांकडून शिकावं." मी म्हणाले, "हो का?" आणि आत निघून गेले. ते सगळं तुम्हाला कुणी वाचून दाखवलं होतं, ते त्याला सांगायचा मला कंटाळा आला.

बाकी सगळे गेल्यावर मी आईला विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. "आई, त्या दिवशी पप्पा म्हणाले मीच सांगितलं, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. तुला खरंच वाटलं का मी तसं सांगितलं?"

आई फुलांचे देठ खुडत होती. दहाव्याच्या दिवशीही. "तू कशाला सांगशील? एवढं नाय का कळत मला?"

"मग बघितलंस कशाला?"

"त्यांच्याकडं बघितलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं, कुणास ठाऊक. निघालेलं परत घेता येत नाय. तुझ्याकडं बघितलं आन् गिळलं."

"मला सांगायचं तरी होतंस. मी एवढी वर्षं..."

"त्यात काय सांगायचं?" आई म्हणाली आणि टोपली पुढे सरकवली.

मग मी आईवरही रागावले, दोन दिवस. पण आईवर राग धरला तर तो विरघळतो. तुमच्यावरचा विरघळत नाही. तो कुठे ठेवावा हे कळत नाही म्हणून हे लिहितेय. लिहून झालं की याचं काही करायचं नाही. पाठवायला पत्ता नाही, आणि आई वाचेल अशा ठिकाणी ठेवायची इच्छा नाही.

एक मात्र राहिलं. गेल्या महिन्यात मामेभावाचं लग्न झालं, चांदवडला. पंगतीत मामा माझ्याशेजारी बसले होते. थकलेत आता, बोलताना आवाज चढतो. ओळीतल्या पाहुण्यांना तुमच्याबद्दल सांगायला लागले, "हिचा बाप! बायकोच्या जिवावर बसून खेळ खेळला आयुष्यभर. माझ्या बहिणीनं लय सोसलं. असं, असं करायचा दिवसभर." आणि मामांनी दोन्ही हातांनी गाडीचं चाक फिरवायची नक्कल केली. पंगत हसली. मामांनी सांगितलं त्यातला शब्दन् शब्द खरा होता. फ्रिज त्यांनीच आणला होता. माझ्या फीच्या वेळेलाही तेच उभे राहिले होते. त्यांना उलटून बोलायचा मला काही अधिकार नाही.

मी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "मामा, ते माझे वडील होते. त्यांच्याबद्दल काय बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही नका बोलू."

मामांचा घास हातातच राहिला. आई पलीकडच्या ओळीत होती, तिने मान वर केली नाही. मला वाटलं, आता मामांची माफी मागावी. मागितली नाही, अजून मागितलेली नाही.

यावरून तुम्ही काही समजू नका.